सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्याचं काय करायचं?

पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळावरून पुण्यात जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजू एकाच खड्ड्यात पडल्या आहेत. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी या सात गावांची जमीन घ्यावी की नाही, हा मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि भांडण तत्त्वावर येऊन अडलं. एक पक्ष म्हणतो, जमीन शेतकऱ्याची, सरकार कोण लागून गेलं? मालमत्तेचा हक्क पुन्हा मूलभूत करा, सरकारकडे पोलीस, न्यायालय आणि सीमेचं रक्षण एवढंच ठेवा, बाकीचं बाजार बघून घेईल. दुसरा पक्ष म्हणतो, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर तो हक्क मूलभूत राहिलेलाच नाही. विकासाला जमीन लागते, चौपट पैसे घ्या आणि बाजूला व्हा. पहिल्याच्या मते मालकी सरकारच्या आधीपासून आहे, दुसऱ्याच्या मते ती सरकारची मेहेरबानी आहे. मला दोन्ही पटत नाही. मालकी ही सरकारनं मांडलेली आणि रोज चालवलेली व्यवस्था आहे, हे खरंच. पण म्हणूनच तिचा हिशेब सरकारकडे जास्त कडकपणे मागावा लागतो, आणि तो फक्त ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्यापुरता मागून भागत नाही.

पहिल्या पक्षाचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते वाटतं तेवढं पोकळ नाही. खुल्या बाजाराचा विचार महाराष्ट्रात बोटीनं आलेला नाही. १९८० साली चाकणच्या कांद्यावर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आंदोलन उभं केलं, तेव्हापासून त्यांच्या आंबेठाणच्या माळावरून एक प्रश्न सतत विचारला गेला: शेतकऱ्याच्या मालाचा भाव चढू लागला की तो पाडायला धावणारं सरकार त्याची मालमत्ताच लुटत नाही का? या प्रश्नाला समाजवादी मंडळींनी सरळ उत्तर कधी दिलं नाही. १९५१ साली, पहिल्याच घटनादुरुस्तीनं, नववं परिशिष्ट आलं आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून कवच मिळालं. हेतू जमीनदारी मोडण्याचा होता, पण कवच एकदा तयार असलं की त्यात काय काय दडवलं जातं हे आपण पाहिलं. शहरात १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा आला. गरिबांच्या घरांसाठी मिळायची ती जमीन सवलतींच्या आणि खटल्यांच्या फायलींत अडकून पडली, आणि २००७ साली महाराष्ट्रानं तो कायदा गुंडाळला तेव्हा त्यासाठी रडायला कोणी नव्हतं.

याहून ढळढळीत पुरावा हवा असेल तर कसबा, शुक्रवार, नारायण पेठेत चक्कर मारा. दिंडीदरवाजाची चौकट कललेली, माळवदाला खालून लाकडी टेकू, जिन्याची एखादी पायरी गायब, आणि वरच्या दोन खोल्यांचं भाडं महिन्याला दोन चहांइतकं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. मालक दुरुस्ती करत नाही, कारण तिचा खर्च भाड्यातून सात जन्मांत वसूल होणार नाही. भाडेकरू सोडत नाही, कारण त्या भाड्यात त्याला पुण्यात सायकल लावायलाही जागा मिळणार नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटवते आणि दोघंही त्या वाचून घरात जातात. भाव गोठवला की वस्तू सडते, हे खुल्या बाजाराच्या कैवाऱ्यांनी शंभरदा सांगितलं आणि ते बरोबरच आहे.

त्यांचा हुकमाचा एक्का मात्र मगरपट्टा आहे. हडपसरच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, बिल्डरला विकून टाकली नाही, स्वतःच कंपनीचे भागधारक झाले आणि त्यावर शहर वसवलं. ना भूसंपादनाची नोटीस, ना लाठीमार. मग पुरंदरला हेच का नको? प्रश्न रास्त आहे. पण मगरपट्ट्याची गोष्ट सांगताना काय गाळलं जातं तेही बघा. त्या शिवाराला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी होतं, आणि ते धरण १८७९ सालचं, सरकारी. शेतीची जमीन शहरी वापरात आणायची परवानगी सरकारची. ती नसती तर तिथे आजही ऊसच असता. भागधारकांची कंपनी कायद्यानं जन्मलेली, दस्त निबंधकाकडे नोंदलेले. शिवाय जमिनी सलग होत्या आणि बहुतेक मंडळी एका भावकीतली. वसाहत जिथे लोक राजी होतात तिथे उभी राहू शकते. धावपट्टीला, कालव्याला, रेल्वेला मात्र नको म्हणणाऱ्याच्या बांधावरूनच जावं लागतं, आणि सगळे राजी झाल्यावर शेवटचा अडून बसला की त्याच्या दोन गुंठ्यांची किंमत अख्ख्या प्रकल्पाएवढी होते. इथे बाजाराकडे उत्तर नाही. मगरपट्टा हे सरकारनं शहाण्यासारखं वागल्यावर काय होतं याचं उदाहरण आहे. सरकार नसल्यावर काय होतं याचं नाही.

आता सातबारा हातात घ्या. गाव नमुना सातवर एका बाजूला भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार. दुसऱ्या बाजूला कुळ, खंड आणि ‘इतर अधिकार’. त्या रकान्यात काय नसतं? सोसायटीच्या कर्जाचा बोजा, सामाईक विहिरीतला हिस्सा, शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता, बहिणीचा हक्क, शेतावरून गेलेल्या वीजवाहिनीचा शेरा. ‘माझी जमीन, मी काहीही करीन’ असं म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या उताऱ्यावर दुसऱ्या पाचजणांचे हक्क लिहिलेले असतात. आणि हा उतारा तरी काय सिद्ध करतो? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम म्हणतो की नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. एवढंच. म्हणून तर प्लॉट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. ज्या हक्काला सरकारच्या आधीचा, निसर्गदत्त वगैरे म्हटलं जातं, तो प्रत्यक्षात तलाठ्याच्या फेरफारावर आणि मोजणीवाल्यानं रोवलेल्या दगडांवर उभा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं सतराव्या शतकात सांगितलं की कोणाच्याच नसलेल्या जमिनीत माणूस आपले कष्ट मिसळतो तेव्हा ती त्याची होते, इतरांना पुरेशी आणि तितकीच चांगली जमीन उरत असेल तर. दख्खनमध्ये अशी कोणाचीच नसलेली जमीन कुठे होती? मिरासदार (वंशपरंपरेनं कसणारे), उपरी (बाहेरून येऊन कसणारे), बलुतेदार, इनामदार, गायरान, देवस्थान. एकाच शिवारावर एकावर एक हक्क होते, आणि त्यातला कुठला पक्का, कुठला कच्चा हे दर वेळी कोणत्या ना कोणत्या राज्यानं ठरवलं.

ते ठरवण्याचा एक प्रयोग पुण्यातच झाला आणि अर्थशास्त्राच्या वर्गात तो शिकवायला हवा. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा प्रिंगल नावाचा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी पुणे जिल्ह्याची जमीनमोजणी करायला बसला. हा इंग्लंडमधल्या हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला, जिथे स्वतः माल्थस अर्थशास्त्र शिकवत होता. प्रिंगलनं इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त (चांगल्या जमिनीतून निघणारं जादा उत्पन्न म्हणजे खंड) घेतला, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं ठरवलं आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे, असं गणित मांडलं. गणितात चूक नव्हती. माणसांत होती, पिकाच्या भावांत होती, मोजणी करणाऱ्या कारकुनांत होती. सारा डोईजड झाला, भाव पडले, लोकांनी जमिनी टाकून गावं सोडली. शेवटी १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळं नव्यानं मांडावं लागलं.

या नव्या मांडणीत एक गोष्ट बाजारवाद्यांच्या अगदी मनासारखी झाली. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर त्याचा नंबर आला, सारा तीस वर्षांसाठी ठरला, आणि जमीन गहाण टाकता, विकता येऊ लागली. स्पष्ट मालकी, मोकळं हस्तांतरण, कराराची अंमलबजावणी करणारं दिवाणी न्यायालय. आजचे सल्लागार विकसनशील देशांना जो कानमंत्र देतात तो हाच. पुढे काय झालं? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सढळ मिळालं, आणि १८६५ नंतर भाव कोसळले. सारा मात्र रोखीतच भरायचा होता. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या तोंडाकडे बघावं लागे. आता त्याला कोर्टाचा हुकूमनामा पुरेसा होता. तीन वर्षांनंतर दावा लावू न देणाऱ्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी कर्जखत नवं करायचं, व्याज मुद्दलात घालायचं, अंगठा घ्यायचा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले. त्यांनी माणसं कापली नाहीत. त्यांना कर्जखतं हवी होती. मिळाली ती जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं.

यात ‘सरकारी हस्तक्षेप’ नेमका कुठला? १८७९ साली आलेला डेक्कन शेतकरी कायदा, ज्यानं न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती हे तपासायला लावलं? की त्याआधीची ती वर्षं, जेव्हा न्यायालयं डोळे मिटून हुकूमनामे काढत होती आणि बेलीफ बैल ओढून नेत होता? खुल्या बाजाराचं राजकीय तत्त्वज्ञान पहिल्याला हस्तक्षेप म्हणतं आणि दुसऱ्याला तटस्थता. सुप्याच्या शेतकऱ्याला दुसरंच सरकार जास्त दिसत होतं, कारण ते त्याच्या दारात उभं होतं. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्लंडमध्ये तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळांत लागू पडतात ही समजूत खोडून काढली, तेव्हा हा सगळा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. रानडे काही लाल झेंडा घेऊन फिरणारे नव्हते.

पण मालकाच्या संमतीचा मुद्दा उरतोच. मालक राजी असल्याशिवाय जमीन घ्यायची नाही, एवढं जरी पाळलं तरी गरीब वाचेल, असं आजचे बाजारवादी म्हणतात. याचं उत्तर मुळशीत आहे. १९२१ साली टाटांच्या जलविद्युत धरणासाठी मुळशी पेट्यातली गावं बुडणार होती. १८९४ चा भूसंपादन कायदा खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ देत होता, तेव्हा सरकार कंपनीच्या बाजूनं उभं राहिलं. इथपर्यंतची गोष्ट बाजारवाद्यांना सोयीची आहे, सरकार आणि बडी कंपनी यांची हातमिळवणी म्हणून ते ती सांगतातही. पुढचं सांगत नाहीत. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी तोवर पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावरचे मालक तेच, आणि त्यांना मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं. सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले ते मावळे, ज्यांच्यातले कित्येक तीच जमीन कूळ म्हणून कसत होते. निव्वळ मालकाच्या संमतीनं व्यवहार झाला असता, सरकारनं बोटही लावलं नसतं, तरी मुळशी बुडालीच असती. फक्त ती कायदेशीर, ऐच्छिक आणि बाजारभावानं बुडाली असती.

खुल्या बाजाराच्या या विचाराचा अलीकडचा सर्वांत हुशार पुरस्कर्ता अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक. मालमत्ता न्याय्य रीतीनं मिळवली असेल आणि न्याय्य रीतीनं हस्तांतरित झाली असेल तर तिला कोणी हात लावू नये, असं त्यानं १९७४ साली मांडलं. पण तो प्रामाणिक होता. मागचा अन्याय दुरुस्त करण्याचं तिसरं कलमही त्यानं जोडलं. त्याचे आपल्याकडचे चाहते पहिली दोन कलमं पाठ म्हणतात आणि तिसऱ्याला घसा खाकरतात. वतनांचं उदाहरण घ्या. गावाची सगळी कामं करायची आणि बदल्यात हलकी, तुटपुंजी जमीन मिळायची, तीही काढून घेतली जाण्याच्या धाकात. ही महार वतनाची रीत किती पिढ्या चालली? १९५८ च्या कायद्यानं ती वतनं खालसा झाली, जमिनी बहुतेक नवीन शर्तीवर (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकायच्या नाहीत या अटीवर) परत मिळाल्या, आणि आज शहरं वाढल्यावर त्याच जमिनी कोणाकोणाच्या नावावर सापडतात हे पुणेकरांना सांगायला नको. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधानसभेपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या निवेदनात नेमकं हेच विचारलं होतं: राज्यापासून स्वातंत्र्य म्हणता, पण ते कोणाला आणि कशासाठी? जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला कामाचे तास वाढवायलाच ना?

उरला शेजाऱ्याचा प्रश्न. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं. वाघोलीला, बावधनला ज्याच्याकडे खोल बोअर मारायला पैसे आहेत तो टँकर भरतो, आणि शेजारच्या सोसायटीची बोअर कोरडी पडली की तीच सोसायटी त्याच्याकडून टँकर घेते. कोणी कोणावर जबरदस्ती केली? कोणीच नाही. २०१३ च्या जूनमध्ये कात्रजच्या पलीकडे शिंदेवाडीत डोंगर फोडल्यामुळे वाट बदललेलं पाणी महामार्गावर आलं आणि त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या पुरानं जे केलं, त्यातही ओढ्याची रुंदी इंचाइंचानं खाणाऱ्यांपैकी प्रत्येकाकडे कुठला ना कुठला कागद असेलच. नंतर नुकसानभरपाईचा दावा लावा, हे बाजारवादी उत्तर. कोणाविरुद्ध लावायचा? आणि वाहून गेलेल्यांनी लावायचा का?

एवढं म्हटल्यावर दुसऱ्या पक्षाच्या गालावर हसू फुटलं असेल, तर ते आवरावं. मालकी सरकारनं मांडली म्हणून सरकारनं ती हवी तेव्हा मोडावी, हे यातून निघत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं सांगितलंच आहे की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. मुळात तो खटला महाराष्ट्राचाच, मुंबईतल्या जुन्या इमारतींवरून उभा राहिलेला. आणि पुरंदरला काय चाललंय? २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, जमीन नसलेल्या पण त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांनाही बाधित मानलं. ‘इतर अधिकार’ या रकान्यातली आणि त्याबाहेरचीही माणसं केंद्राच्या भूसंपादन कायद्याला दिसली. राज्यानं मात्र १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याची वाट धरली, जिथे या अभ्यासाचा जाच नाही. अंजिराच्या बागेत तोडणीला येणाऱ्या बाईला, वाट्यानं कसणाऱ्याला, मेंढपाळाला कोणी विचारायचं? चौपट मोबदला खातेदाराला मिळेल. २०१६ साली घोषणा झाल्यावर लगबगीनं खातेदार झालेल्या पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारालाही मिळेल. सरकार आपल्याच सोयीचा कायदा निवडतं तेव्हा ते समाजाचं हित साधत नसतं, फक्त घाई करत असतं.

मालकीचा दुसरा अर्धा भाग किमतीचा आहे, आणि तिथे पुणेकरांची मोठी पंचाईत होते. हिंजवडीला एमआयडीसीनं शेतजमीन घेऊन आयटी पार्क उभारलं म्हणून वाकड-बाणेरच्या जमिनीला भाव आला. मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम) मिळतो, म्हणून तिथला प्लॉट रात्रीतून मोठा होतो. यात मालकाचे कष्ट किती? लॉकच्या नियमानंही ही वाढ त्याची ठरत नाही. ती शहराची आहे, आणि शहरानं तिचा वाटा मागण्यात कसली आलीय चोरी? उलट बाजूला टेकड्या आहेत. १९९७ साली समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या ९०० हेक्टरांहून जास्त डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. त्यांवर घरं होऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिंदेवाडीचा धडा पुरेसा आहे. पण त्या मालकांना भरपाई म्हणून ठरली आठ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि कित्येकांची वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. हवा सगळ्यांना, पूर अडला तर फायदा सगळ्यांना, आणि बिल मात्र उतारावर जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या नावानं. टेकड्या वाचवायच्या तर त्या विकत घ्या, रोख आणि वेळेत. पैसा कुठून आणायचा याचं उत्तरही शहराकडेच आहे: ज्यांच्या जमिनीची किंमत शहरानं वाढवली त्यांच्याकडून. पण मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरावर १९७० पासून चालत आलेली चाळीस टक्के सवलत मध्यंतरी काढली, तेव्हा टेकडी बचावच्या मोर्चातले आणि खुल्या बाजाराच्या व्याख्यानातले पुणेकर खांद्याला खांदा लावून ती परत मागत होते, आणि २०२३ साली त्यांनी ती मिळवलीही.